निफाडचे न्यायमूर्ती आणि विस्ताराचे स्वप्न

आमच्या निफाड तालुक्याची ओळख सांगताना लोक द्राक्षे सांगतात, लासलगावचा कांदा सांगतात, नांदूर मध्यमेश्वरचे पक्षी सांगतात. याच निफाडात १८ जानेवारी १८४२ रोजी महादेव गोविंद रानडे यांचा जन्म झाला, हे आमच्या वसतिगृहात नव्याने येणाऱ्या मुलांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. या स्मरणिकेसाठी रानड्यांवर लिहावयाचे आम्ही ठरविले, तेव्हा आमच्याच काही स्नेह्यांनी विचारले की, पुण्याच्या या ब्राह्मण न्यायाधीशाचे आपल्याला काय? प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर रानड्यांच्या चरित्रातच आहे, म्हणून ते चरित्रच सांगतो.

वडील गोविंदराव त्या वेळी निफाडला सरकारी नोकरीत होते. पुढे ते कोल्हापूर संस्थानच्या चाकरीत गेल्यामुळे महादेवाचे बालपण तिकडे गेले. चौदाव्या वर्षी तो मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेत शिकावयास आला. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ साली झाली. तीत उत्तीर्ण झालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांत तो होता. पाठोपाठ बी. ए., एम. ए. आणि १८६६ साली कायद्याची पदवी.

विद्यार्थिदशेतील एक प्रसंग आम्ही इतिहासाच्या तासाला नेहमी सांगतो. मराठ्यांच्या राज्यकारभाराची इंग्रजांच्या कारभाराशी तुलना करणारा निबंध त्यांनी लिहिला आणि झुकते माप मराठ्यांना दिले. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांना ते रुचले नाही व रानड्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद झाली. ज्या राष्ट्राचा विस्तार चालू असतो त्याला दुसऱ्याच्या विस्ताराची थोरवी ऐकवत नाही, हे त्या तरुणाला तेव्हाच कळले असावे.

येथे थोडे विषयांतर करतो. रानडे तीन वर्षांचे असताना, १८४५ साली, अमेरिकेत जॉन ओसुलिव्हन या पत्रकाराने एक कल्पना मांडली. अटलांटिकपासून पॅसिफिकपर्यंतचे सारे खंड अमेरिकनांच्या वाट्याला यावे ही ईश्वराचीच योजना आहे, अशी ती कल्पना. पुढल्याच वर्षी मेक्सिकोशी युद्ध पेटले आणि १८४८ पर्यंत त्या देशाचा प्रचंड मुलूख अमेरिकेने घेतला. त्याआधीच, १८३८ साली, चेरोकी लोकांना त्यांच्या भूमीतून हुसकून पश्चिमेकडे चालविले गेले होते आणि त्या वाटेवर हजारो माणसे मेली होती. नव्या मुलखात गुलामगिरी न्यावी की नाही या वादातून पुढे यादवी युद्ध झाले. मुलूख वाढला की त्यात कोणाला जागा आहे, हा प्रश्न टाळता येत नाही. आपल्याकडे अटकेपार झेंडे लावल्याचे आपण अभिमानाने बोलतो. तोच प्रश्न तेथेही विचारला पाहिजे.

रानड्यांनी तो आपल्या परीने विचारला. १९०० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मराठी सत्तेच्या उत्कर्षावरील इंग्रजी ग्रंथात मराठ्यांचा उदय हा लुटारूंच्या नशिबाचा खेळ नव्हता, तर एका राष्ट्राची घडण होती, असे प्रतिपादन आहे. ही घडण तलवारीआधी संतांनी सुरू केली, असे ते म्हणतात आणि त्या संतमालिकेत शिंपी, कुंभार, माळी, स्त्रिया आणि महार चोखामेळा यांना मानाने स्थान देतात. चौथाई आणि सरदेशमुखीवर तर त्यांनी एक स्वतंत्र प्रकरणच लिहिले. शेजारच्या मुलखाचे रक्षण करावयाचे व त्याबद्दल उत्पन्नाचा हिस्सा घ्यावयाचा, या शिवकालीन युक्तीचेच रूप पुढे वेलस्लीच्या तैनाती फौजेत दिसते, असे त्यांचे निरीक्षण आहे. आम्हांला ते मार्मिक वाटते. मात्र चौथाई देणाऱ्या रयतेला ते रक्षण कितपत वाटले, हे या प्रकरणातून फारसे कळत नाही. बंगालमधील स्वाऱ्यांच्या आठवणी तिकडे आजही गोड नाहीत.

रानडेही इतिहासात ईश्वरी योजना पाहत. पण ती योजना आपल्याला जिंकण्याचा परवाना देते असे त्यांनी मानले नाही. उलट इंग्रजी अंमल ही आपल्या समाजाला मिळालेली शिकवणी आहे, असे ते समजत. पेशव्यांच्या रोजनिशींवरील लेखात त्यांनी उतरणीची कारणे शोधली, तेव्हा एका जातीचे वाढलेले वर्चस्व आणि शिवाजी महाराजांच्या मूळ पद्धतीपासून राज्याचे दूर जाणे यांवर बोट ठेवले. स्वतः चित्पावन असून हे लिहिले, याची नोंद घेतली पाहिजे.

त्यांचे आचरण मात्र विचारांइतके खंबीर नव्हते. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या सुधारकाने १८७३ साली पहिली पत्नी वारल्यावर, वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून, अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. तिला त्यांनी शिकविले, ती रमाबाई रानडे म्हणून स्वतःच्या कर्तृत्वाने मोठी झाली, हे खरे. पण तडजोड ती तडजोडच. पंचहौद मिशनमधील चहाच्या प्रकरणात १८९२ साली त्यांनी प्रायश्चित्तही घेतले.

महात्मा फुल्यांशी त्यांचे नाते असेच दुपदरी होते. १८७५ साली पुण्यात स्वामी दयानंदांची मिरवणूक निघाली, तेव्हा सनातन्यांच्या चिखलफेकीपुढे रानड्यांच्या बाजूने जोतीराव आपली माणसे घेऊन उभे राहिले. १८८५ साली मात्र ग्रंथकार सभेचे रानड्यांचे निमंत्रण जोतीरावांनी नाकारले. आणि शेतकऱ्यांची स्थिती सुधारली आहे या रानड्यांच्या मताला ‘इशारा’ ही पुस्तिका लिहून उत्तर दिले. आमच्या मते त्या वादात जोतीरावांचे पारडे जड होते. शेताच्या बांधावरून जे दिसते ते न्यायासनावरून दिसत नाही.

सरकारलाही रानडे पूर्ण विश्वासाचे कधी वाटले नाहीत. १८७८ साली त्यांची बदली नाशिकला झाली आणि वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाच्या सुमारास संशयापोटी त्यांना धुळ्यास पाठविण्यात आले. १८८७ पासून सामाजिक परिषद त्यांनी चालविली, १८९३ साली ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. १८९५ च्या पुणे काँग्रेसच्या वेळी मंडपात सामाजिक परिषद भरविण्यास विरोध झाला, तेव्हा भांडण न वाढवता त्यांनी परिषद दुसरीकडे भरविली. १६ जानेवारी १९०१ रोजी, एकोणसाठावा वाढदिवस दोन दिवसांवर असताना, ते मुंबईस निधन पावले.

आता स्नेह्यांच्या प्रश्नाकडे येतो. मराठी राज्यात किल्ल्यांच्या राखणीला महार होते. पुढे कंपनीच्या फौजेतही ते लढले. ज्यांच्या बळावर साम्राज्य पसरले त्याच महारांची सैन्यभरती इंग्रज सरकारने १८९२ च्या सुमारास बंद केली. तेव्हा दाद मागण्यासाठी सरकारकडे एक अर्ज गेला.

१८ जानेवारी १९४३ रोजी, रानड्यांच्या एकशे एकाव्या जयंतीला, पुण्याच्या गोखले स्मारक सभागृहात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भाषण केले. रानडे वारले तेव्हा बाबासाहेब नऊ वर्षांचे होते. त्यांची भेट कधी झाली नाही. त्या भाषणात त्यांनी रानड्यांना थोर ठरविले ते समाजसुधारक म्हणून. कारण सरकारशी झगडण्यापेक्षा स्वतःच्या समाजाशी झगडण्यास अधिक धैर्य लागते, असे त्यांचे मत होते. आणि जाता जाता एक आठवण सांगितली. वडिलांचे, सुभेदार रामजींचे, जुने कागद चाळताना त्यांना भरतीबंदीविरुद्धच्या त्या अर्जाची प्रत सापडली होती. चौकशी केल्यावर त्यांना कळले की, महार सैनिकांसाठी तो अर्ज रानड्यांनी लिहून दिला होता.