बैलाला लोळविणारा घोडेस्वार : बिल पिकेट

बैलाचे सारे बळ मानेत आणि खांद्यांत असले, तरी त्याचे मर्म नाकपुडीत व ओठात असते, हे आपल्या शेतकऱ्याला पूर्वापार ठाऊक आहे. वेसणीच्या हातभर दोरीचे सामर्थ्य ते त्यातच. हेच मर्म सातासमुद्रापलीकडे टेक्ससच्या माळरानावर एका कृष्णवर्णीय मुलाने आपल्या आपण ओळखले, आणि त्याच्या बळावर तो अमेरिकेतील घोडेस्वारांच्या इतिहासात कायमचा जाऊन बसला. त्याचे नाव बिल पिकेट.

पिकेटचा जन्म ५ डिसेंबर १८७० चा. टेक्ससमधील गुलामांची मुक्तता १८६५ साली झाली होती; म्हणजे त्याचे आईबाप पाच वर्षांपूर्वीपर्यंत दुसऱ्याच्या मालकीचे होते. तेरा भावंडांतला हा दुसरा. पाचवी इयत्तेच्या आसपास शाळा सुटली आणि पोरगा गुरांमागे व घोड्यांमागे लागला. चित्रपटांत आपण पाहतो तो काउबॉय नेहमी गोरा असतो. प्रत्यक्षात त्या काळी गुरांचे कळप हाकणाऱ्या दर चार स्वारांत एक कृष्णवर्णीय असावा, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. पडद्यावर मात्र त्यांना फार उशिरा जागा मिळाली.

त्या मुलखात काटेरी झुडपांची दाट रान असत. चुकार खोंड एकदा त्यात शिरले की घोड्यावरून दोराचा फास टाकायला वाव राहात नसे. अशा वेळी धनगरी कुत्र्यांसारखे पाळलेले बुलडॉग सोडीत. कुत्रा खोंडाचा वरचा ओठ दातांत धरी, आणि एवढे थोरले जनावर जागच्या जागी खिळून राही. पोरवयातील पिकेटने हे पाहिले व स्वतः करून बघितले. पुढे त्याने त्याचे शास्त्रच बनविले. भरधाव घोडा खोंडाच्या बरोबरीने आणायचा, धावत्या घोड्यावरून खोंडाच्या शिंगांवर झेप घ्यायची, मान पिळून तोंड वर करायचे, ओठ दातांत पकडायचा आणि मग हात सोडून देऊन मागे अंग झोकून द्यायचे. खोंड त्याच्याबरोबर आडवे होई. पाहणाऱ्यांचा श्वास अडके, ह्यात नवल नाही. जनावराच्या दृष्टीने हा खेळ निर्दयच म्हटला पाहिजे. परंतु पिकेटच्या लेखी तो आधी रोजचे काम होता आणि मग खेळ झाला, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

टेक्ससमधील टेलर या गावी त्याने भावांसमवेत रानटी घोडे वठणीवर आणण्याचा धंदा मांडला. १८९० साली विवाह झाला, नऊ मुले झाली. गावच्या बॅप्टिस्ट चर्चचा तो कारभारीही होता. १९०४ साली वायोमिंगमधील शायेन येथल्या मोठ्या मेळ्यात त्याने आपली करामत दाखविली व नाव सर्वतोमुखी झाले. लवकरच ओक्लाहोमातील मिलर बंधूंनी त्याला आपल्याकडे ओढले. त्यांचे ‘१०१ रँच’ म्हणजे लाखभर एकरांचे कुरण, एक लहानसे संस्थानच! गुरे एकत्र वळविण्याच्या कामाला स्पॅनिश भाषेत रोदेओ म्हणत. त्या कामातल्या कसबांच्या चढाओढीला पुढे तेच नाव पडले. मिलर बंधूंनी त्याचा फिरता तमाशा उभारला. पिकेट, त्याचा लाडका घोडा स्प्रॅडली, आणि पुढे चित्रपटांत गाजलेले विल रॉजर्स व टॉम मिक्स अशी ती मंडळी होती.

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. तिकीट लावलेल्या खेळात पिकेट चालत असे; बक्षिसाच्या स्पर्धांत मात्र कृष्णवर्णीयाला बहुतेक ठिकाणी मज्जाव होता. म्हणून कधी त्याला रेड इंडियन, तर कधी मेक्सिकन म्हणून पुढे करीत. ज्याने हा प्रकार रूढ केला, त्यालाच त्या प्रकारात उतरण्यासाठी जात लपवावी लागे. आपल्याला हे समजायला फारसे कठीण जाऊ नये.

डिसेंबर १९०८ मध्ये मंडळी मेक्सिको शहरी गेली. तेथल्या वृषभयुद्धाच्या नामांकित वीरांपेक्षा आपला पिकेट सरस, अशी फुशारकी थोरल्या मिलरने मारली व पाच हजार पेसोंची पैज लागली. आपल्या राष्ट्रीय खेळाचा अपमान झाला म्हणून सारे शहर खवळले. रिंगणात सोडलेला बैल गुराख्यांच्या खोंडांसारखा नव्हता. झुंजीसाठीच वाढविलेला होता. त्याने पहिल्या काही मिनिटांतच स्प्रॅडलीच्या मागच्या अंगाला शिंग खुपसले. घोडा रक्तबंबाळ झालेला पाहून पिकेटने शिंगांना मिठी घातली ती सोडलीच नाही. बैल त्याला कठड्यावर आपटीत होता. प्रेक्षक मदत करण्याऐवजी त्याच्यावर बाटल्या फेकीत होते. त्यातल्या एकीने त्याच्या बरगड्या मोडल्या. बैल लोळविता आला नाही. पण पैज पाच मिनिटे लटकून राहण्याची होती आणि तो साडेसात मिनिटे राहिला. पैशाचा लाभ मिलरला, जखमा पिकेटला व स्प्रॅडलीला! एका म्हाताऱ्या मेक्सिकनाने घोड्याच्या जखमेत सोललेली केळी कोंबून त्याला उभे केले, अशी कथा सांगतात. खरेखोटे देव जाणे. घोडा वाचला एवढे खरे.

१९१४ साली लंडनमध्ये खेळ चालू असता महायुद्ध पेटले आणि ब्रिटिश सरकारने तमाशाचे बहुतेक घोडे लष्करासाठी ताब्यात घेतले. १९२० नंतर रिचर्ड नॉर्मन या निर्मात्याने पिकेटला घेऊन कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी ‘द बुलडॉगर’ हा मूकपट काढला. त्यात तो नाव न लपविता उभा राहिला. त्या चित्रपटाचे काही तुकडेच आता उरले आहेत.

पुढे मिलर बंधूंतले दोघे वारले, मंदी आली आणि १९३१ मध्ये रँच कर्जापायी सरकारी व्यवस्थापकाच्या हाती गेले. पिकेटची पत्नी आधीच निवर्तली होती. साठी उलटल्यावरही तो उरलेल्या झॅक मिलरच्या मदतीला धावला. १९३२ च्या वसंतात तेथल्याच एका घोड्याला फास घालताना त्याची लाथ पिकेटच्या डोक्यात बसली, आणि २ एप्रिल रोजी त्याचा अंत झाला. ती बातमी विल रॉजर्सने रेडिओवरून देशाला सांगितली.

१९७१ साली ओक्लाहोमा शहरातील रोडिओच्या सन्मान-मंदिरात त्याचे नाव लागले; तो मान मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय. खोंडाशी झुंजण्याचा प्रकार आज व्यावसायिक रोडिओत आहेच. दातांनी ओठ धरणे तेवढे उरलेले नाही.

१९९४ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने पश्चिम मुलखातील नामवंतांच्या तिकिटांचा ताव छापला आणि त्यात पिकेटला स्थान दिले. जन्मभर सरकारी कागद हाताळलेल्या माझ्यासारख्याला यापुढची हकीकत वाचून हसावे की रडावे ते कळेना. ताव लक्षावधी छापून झाले, काही विकलेही गेले, तेव्हा पिकेटच्या वंशजांनी कळविले की चित्रातला चेहरा बिलचा नाही, त्याचा भाऊ बेन याचा आहे. जुन्या छायाचित्राखालचे नाव चुकलेले होते आणि कोणी पडताळून पाहिले नव्हते. खात्याने ताव परत मागविले, नवे चित्र काढविले आणि १८ ऑक्टोबर १९९४ रोजी दुरुस्त ताव विक्रीस आणला. चुकलेल्यांपैकी दीड लाख ताव मात्र संग्राहकांच्या हौसेखातर सोडत काढून विकले गेले. त्यांवर अजून बेनच आहे.