आवाज पकडणारे विष्णुपंत

पाचाडहून पायऱ्या चढून तुम्ही रायगडावर गेला असाल, तर राजदरबारातली एक गंमत तुम्हांला ठाऊक असेल. नगारखान्याच्या दरवाज्याशी कोणी हळू आवाजात बोलले, तरी समोर सिंहासनाच्या जागी ते ऐकू येते. मधले अंतर सुमारे दोनशे फूट! पण तो आवाज तेथेच विरून जातो. तो पकडून ठेवायचा आणि हजारो लोकांना ऐकवायचा, तर त्याला यंत्र हवे. हे काम महाराष्ट्रात ज्यांनी प्रथम हाती घेतले, त्यांत याच जिल्ह्यातले विष्णुपंत गोविंद दामले होते.

विष्णुपंतांचा जन्म १४ ऑक्टोबर १८९२ रोजी पेण येथे झाला. पेण गणपतीच्या मूर्तींसाठी प्रसिद्ध आहे. तेव्हा या जिल्ह्याला कुलाबा जिल्हा म्हणत. पुढे ते कोल्हापूरला गेले. तेथे आनंदराव पेंटर आणि बाबुराव पेंटर हे दोघे भाऊ नाटकांचे पडदे रंगवीत असत. विष्णुपंत त्यांच्या हाताखाली काम करू लागले.

या भावांना सिनेमाचे वेड लागले होते. स्वतःचा कॅमेरा स्वतःच बनवायचा, असे त्यांनी ठरवले. काम सोपे नव्हते. कॅमेऱ्यात फिल्म सरळ धावत नाही. ती क्षणभर थांबते, चित्र घेते, पुढे सरकते, पुन्हा थांबते. एका सेकंदात असे साधारण सोळा वेळा! चाकाचा एक दात जरा चुकला, तरी पडद्यावर चित्र थरथरते. काम अर्धे असतानाच १९१६ साली आनंदराव वारले. बाबुराव आणि विष्णुपंत मागे हटले नाहीत. १९१८ साली कॅमेरा चालू झाला आणि त्यावर काढलेला 'सैरंध्री' हा मूकपट १९२० साली लोकांनी पाहिला.

पेंटरांच्या या मंडळीतच विष्णुपंतांना शेख फत्तेलाल भेटले. ते कागलचे, उत्तम चित्रकार. सगळे त्यांना साहेबमामा म्हणत. या दोघांची मैत्री शेवटपर्यंत टिकली. १ जून १९२९ रोजी या दोघांनी व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांच्याबरोबर कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. तुतारी फुंकणारी तरुणी हे कंपनीचे चिन्ह होते. मूकपटात ती तुतारी ऐकू कशी येणार?

दोनच वर्षांनी, १९३१ साली, मुंबईत 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट लागला. आता मूकपट कोण पाहणार? बोलपट काढता आला नाही, तर कंपनी बंद पडणार हे उघड होते. प्रभातमध्ये ध्वनिमुद्रणाची जबाबदारी विष्णुपंतांवर आली. हे यंत्र कॅमेऱ्यासारखे घरी बनवलेले नव्हते, विकत आणलेले होते. पण ते शिकवणारी शाळा आपल्या देशात नव्हती.

हे यंत्र कसे चालते, ठाऊक आहे का? मायक्रोफोन आवाजाच्या कंपनांचे विजेच्या प्रवाहात रूपांतर करतो. हा प्रवाह अगदी क्षीण असतो. व्हॉल्व्ह त्याला मोठा करतात. त्या प्रवाहाप्रमाणे प्रकाश कमीजास्त होतो आणि फिल्मच्या कडेला त्याची बारीक पट्टी उमटते. मात्र मायक्रोफोनला निवड करता येत नाही. गाण्याबरोबर कॅमेऱ्याची घरघर, कावळ्याची कावकाव, सगळेच तो टिपतो! त्या काळी गाणी नंतर भरत नसत. नट कॅमेऱ्यापुढेच गात आणि वादक झाडाआड किंवा पडद्याआड बसून साथ करत. एक सूर चुकला की सारे पुन्हा पहिल्यापासून.

१९३२ साली 'अयोध्येचा राजा' पडद्यावर आला. त्यात गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे यांनी कामे केली. तो मराठीत आणि हिंदीत असा दोनदा काढला होता. म्हणजे ध्वनिमुद्रणाचे कष्टही दुप्पट!

१९३३ साली प्रभात पुण्याला गेली. तेथे विष्णुपंत आणि फत्तेलाल यांनी मिळून 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला. १९३६ साली तो मुंबईत लागला आणि एका वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ साली इटलीतील व्हेनिसच्या महोत्सवातही त्याचा गौरव झाला. मराठी न समजणाऱ्यांनीही ते अभंग कान देऊन ऐकले असतील, असे मला वाटते.

५ जुलै १९४५ रोजी विष्णुपंतांचे निधन झाले. पुढे प्रभात बंद पडली. १९६० साली तिच्याच जागेत सरकारने चित्रपट शिक्षणाची संस्था सुरू केली. ध्वनिमुद्रण शिकायला आज देशभरातील मुलेमुली तेथे येतात.