डॉ. आनंदीबाई जोशी आणि बायकांचा थकवा

डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीचे कौतुक आपण सर्वजणी करतो. त्यांच्या थकव्याविषयी मला दोन शब्द लिहावेसे वाटतात.

त्यांचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. चौदाव्या वर्षी झालेले बाळ दहा दिवसांतच गेले आणि त्यांनी डॉक्टर होण्याचा ध्यास घेतला. अशक्तपणा, डोकेदुखी व ताप अमेरिकेस जाण्यापूर्वीच मागे लागले होते. तरीही १८८३ साली त्या निघाल्या व मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. आपल्या कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकही झाली. पण क्षयाने शरीर पोखरले होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्या पुण्यात वारल्या. वयाची २२ वर्षेही पुरी झाली नव्हती.

मला जडलेला दीर्घ थकव्याचा विकार क्षयाहून निराळा आहे. एके दिवशी जास्त काम उरकले, की पुढचे दोन दिवस अंथरूण सुटत नाही. झोपूनही शीण जात नाही. ह्यावर हमखास औषध नाही. म्हणून अंगात थोडे बळ शिल्लक असतानाच मी हातातले काम ठेवते.

भगिनींनो, सतत शिणलेल्या सुनेला आळशी म्हणू नये. तिला आधी डॉक्टरांकडे न्यावे.