विश्लेषण : ज्यांच्या नावाने घरकुल मिळते, त्या रमाईंना स्वतःचे घर कधी मिळाले?

राळेगाव तालुक्यातील कोणत्याही गावात घरकुलाचा विषय निघाला, की तीन-चार नावे हमखास ऐकू येतात. प्रधानमंत्री आवास, शबरी, मोदी आवास आणि रमाई. अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठी असलेली योजना कागदोपत्री 'रमाई आवास योजना' असली, तरी बोलताना लोक केवळ रमाई म्हणतात. रमाईत नाव आले, रमाईचा हप्ता पडला, रमाईचे घर स्लॅबला आले. हे नाव रोजच्या बोलण्यात इतके रुळले आहे, की त्यामागची बाई आणि तिची घरासाठीची वणवण अनेकदा विसरली जाते. रमाबाई भीमराव आंबेडकर ३७ वर्षे जगल्या. त्यातील मोठा काळ भाड्याच्या खोल्यांत गेला. स्वतःच्या घरात राहायला मिळाले ते अगदी शेवटी.

जन्म आणि बालपण कुठे गेले?

रमाबाईंचा जन्म ७ फेब्रुवारी १८९८ रोजी दापोलीजवळच्या वणंद या गावी झाला. वडील भिकू धोत्रे दाभोळ बंदरावरून माशांच्या टोपल्या बाजारात वाहून नेत. रोजच्या ओझ्यावर रोजची चूल अशी घरची स्थिती. आई रुक्मिणी लवकर गेल्या, पाठोपाठ वडीलही गेले. पोरकी झालेली भावंडे नातेवाइकांच्या आधाराने मुंबईत, भायखळ्याच्या बाजाराजवळ राहायला आली. रमाबाईंच्या आयुष्यातील हे दुसरे घर, आणि तेही दुसऱ्याचे.

१९०६ मध्ये भीमराव आंबेडकरांशी त्यांचा विवाह झाला. त्या आठ-नऊ वर्षांच्या, भीमराव चौदा-पंधरा वर्षांचे. मंडप घालायला ना जागा होती ना पैसा. म्हणून दिवसभराचा बाजार उठल्यावर, रात्री भायखळ्याच्या बाजाराच्या उघड्या शेडमध्येच लग्न लागले. विक्रेत्यांचे दगडी ओटे वऱ्हाडी मंडळींच्या बैठकीला आले. पहाटे बाजार पुन्हा भरण्याआधी जागा मोकळी करणे भाग होते.

परळची चाळ सरकारी होती का?

आंबेडकर कुटुंब आधी लोअर परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहत होते. नंतर ते परळच्या पोयबावडी भागातील बीआयटी चाळीत आले. दुसऱ्या मजल्यावरच्या ५० आणि ५१ क्रमांकाच्या दोन खोल्या, समाईक संडास आणि चाळभर माणसांची वर्दळ. १९१२ पासून पुढची सुमारे २२ वर्षे हाच पत्ता राहिला.

बीआयटी म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. अंधाऱ्या, कोंदट वस्त्यांत माणसे पटापट दगावली. त्यानंतर १८९८ मध्ये, म्हणजे रमाबाईंच्या जन्माच्याच वर्षी, कायद्याने हा ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडणे, रुंद रस्ते काढणे आणि उठवलेल्या गरिबांसाठी चाळी बांधणे ही त्याची कामे. १९३३ मध्ये तो मुंबई महापालिकेत विलीन झाला. म्हणजे गरिबाच्या घरासाठी सार्वजनिक पैसा खर्च करण्याच्या मुंबईतील सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी एका चाळीत रमाबाईंचा संसार झाला. डोक्यावर पक्के छत मिळाले, पण घर नावावर नव्हते. दरमहा भाडे भरायचे होते आणि ते चुकले तर पुढे काय, ही चिंता होतीच.

खोली होती, मग अडचण काय होती?

अडचण होती नियमित उत्पन्नाची. यशवंत यांचा जन्म डिसेंबर १९१२ मध्ये झाला. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सासरे रामजी सकपाळ वारले. त्याच वर्षी बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर भीमराव अमेरिकेला गेले. शिष्यवृत्तीतून वाचवून ते थोडेफार पैसे घरी पाठवत, मात्र ते पुरणारे नव्हते. दीर आनंदराव यांची कमाई आणि रमाबाईंची काटकसर यांवर घर चालले. त्या शेण गोळा करून गोवऱ्या थापत, अशी आठवण आजही घरोघरी सांगितली जाते.

१९१७ मध्ये भीमराव परतले आणि शिष्यवृत्तीच्या करारानुसार नोकरीसाठी बडोद्याला गेले. तिथे पगार होता, हुद्दा होता, पण राहायला जागा कोणी देईना. जात लपवून पारशी धर्मशाळेत आसरा घ्यावा लागला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. उच्चशिक्षित, पगारदार माणसाला केवळ जातीमुळे भाड्यानेही घर मिळू नये, हा अनुभव घेऊन ते परळच्या त्याच दोन खोल्यांत परत आले. घरकुलाच्या योजना जातसमूह पाहून का आखल्या जातात, याचे एक उत्तर या घटनेत आहे. गरिबी आणि जात या दोन्ही कारणांनी ज्यांना घर नाकारले गेले, त्यांच्यासाठी वेगळी तरतूद करावी लागते.

१९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी मिळाली, तरी राहणी बदलली नाही. लंडनचे अर्धवट राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी पगारातला मोठा भाग बाजूला टाकला जाई आणि ठरलेल्या रकमेत महिना भागवणे हे रमाबाईंचे काम. १९२० ते १९२३ पुन्हा विरह. या साऱ्या वर्षांत गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार मुले लहानपणीच गेली. राजरत्न गेला तो १९२६ मध्ये. वाचला एकटा यशवंत. स्वतः रमाबाईंची प्रकृतीही हळूहळू ढासळत गेली.

धारवाडच्या बांगड्यांची आठवण काय सांगते?

बाबासाहेबांनी दलित विद्यार्थ्यांसाठी सुरू केलेले एक वसतिगृह धारवाडला होते. हवापालटासाठी रमाबाई तिथे वराळे कुटुंबाकडे गेल्या असतानाचा प्रसंग सांगितला जातो. वसतिगृहाला मिळणारे अनुदान वेळेवर आले नव्हते, धान्य संपले होते आणि मुले उपाशी होती. हे कळताच रमाबाईंनी हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या आणि त्यातून धान्य आणायला सांगितले.

ही आठवण सहसा त्यागाची म्हणून सांगितली जाते. तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. मदत मंजूर होती, पण वेळेवर आली नव्हती, आणि मधला खड्डा एका बाईला दागिना मोडून भरावा लागला. घरकुलाचा हप्ता लांबला, की आजही हेच घडते. जोत्यापर्यंत आलेले काम थांबते, कुडाचे जुने घर आधीच पाडलेले असते आणि पुढच्या सिमेंटसाठी घरातली बाई मंगळसूत्र गहाण ठेवते.

राजगृह कधी मिळाले?

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीला दादरच्या हिंदू कॉलनीत बाबासाहेबांनी घर बांधले. प्राचीन मगधाच्या राजधानीवरून त्याचे नाव ठेवले राजगृह. वर ग्रंथसंग्रह, खाली कुटुंब. चाळीतून रमाबाई प्रथमच स्वतःच्या घरात आल्या. पण तोवर आजार बळावला होता. २७ मे १९३५ रोजी त्यांनी राजगृहातच अखेरचा श्वास घेतला. २२ वर्षांच्या चाळीपुढे स्वतःच्या घरातला काळ अगदीच तोकडा होता. पुढे बाबासाहेबांनी 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ त्यांना अर्पण केला.

त्यांच्या नावाची योजना काय देते?

अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठीची ही घरकुल योजना राज्य सरकारने २००८ च्या नोव्हेंबरमध्ये आणली. किमान २६९ चौरस फुटांचे पक्के घर हा तिचा पाया. ग्रामीण भागात सर्वसाधारण क्षेत्रासाठी १ लाख २० हजार रुपये, तर नगरपंचायत आणि शहरी भागात अडीच लाख रुपये, असे साहाय्याचे स्वरूप आहे. ग्रामीण लाभार्थ्याला याशिवाय रोजगार हमीतून ९० दिवसांची अकुशल मजुरी आणि शौचालयासाठी १२ हजार रुपये मिळू शकतात, पण त्यासाठी जॉब कार्ड हवे. रक्कम एकदम मिळत नाही. कामाचे फोटो घेऊन टप्पा तपासला जातो आणि हप्ता थेट बँक खात्यात जमा होतो.

कुटुंबाने आधी कोणत्याही सरकारी घरकुल योजनेचा लाभ घेतलेला नसावा, राज्यात किमान १५ वर्षांचे वास्तव्य असावे आणि उत्पन्न मर्यादेत असावे, या मुख्य अटी. आदिवासी कुटुंबांसाठी शबरी आणि इतर मागासवर्गीयांसाठी मोदी आवास या योजना वेगळ्या आहेत. कोलाम समाज अतिअसुरक्षित आदिम गटात मोडतो, त्यामुळे कोलाम पोडांवरील कुटुंबांसाठी पीएम-जनमनमधील दोन लाखांचे घरकुल हा स्वतंत्र मार्ग आहे.

राळेगावात अर्ज कुठे करायचा?

गावात राहणाऱ्यांनी ग्रामपंचायतीत. निवडीत ग्रामसभेचा ठराव महत्त्वाचा, म्हणून त्या दिवशी हजर राहणे हा अर्जाचाच भाग समजावा. तेथून प्रस्ताव राळेगाव पंचायत समितीकडे आणि पुढे यवतमाळला जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणेकडे जातो. राळेगाव शहरात राहणाऱ्यांनी नगरपंचायतीत अर्ज करायचा.

सोबत लागणारी कागदपत्रे अशी : जातीचा दाखला, तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी पुरावा, जागेसाठी नमुना ८ किंवा मालमत्ता पत्रक, घरपट्टीची पावती, आधार, रेशन कार्ड आणि बँक पासबुक. आधारवरील, जातीच्या दाखल्यावरील आणि पासबुकातील नाव एकसारखे आहे का, हे आधीच पाहावे. बँक खाते आधारशी जोडलेले आणि चालू असावे. अर्ज दिल्यावर पोच घ्यावी आणि जपून ठेवावी.

गाडी नेमकी कुठे अडते?

बहुतेकदा जागेवर. घर बांधायला पैसे मिळतात, पण घर बांधायची जागा आपल्या नावावर हवी. वडिलांच्या नावावरचे घर तीन भावांत वाटलेले, पण कागदावर वाटणी नाही, ही घरोघरची कथा. अशा वेळी वारस नोंद आणि भावांचे संमतीपत्र आधी करून घ्यावे. ज्यांना जागाच नाही, त्यांच्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना आहे. तिच्यात ५०० चौरस फुटांपर्यंत जागेसाठी एक लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. सरकारी जागेवर १ जानेवारी २०११ पूर्वीपासून राहत असलेल्यांच्या अतिक्रमणांबाबत नियमानुकूल करण्याची तरतूद आहे. जागा कोणत्या प्रकारची, यावर ते ठरते, त्यामुळे ग्रामसेवकाकडे लेखी विचारणा करावी.

दुसरी गोष्ट नावाची. ग्रामीण घरकुल योजनांत घर पत्नीच्या किंवा पती-पत्नीच्या संयुक्त नावावर करण्यावर भर आहे. घर पूर्ण झाल्यावर नमुना ८ वर दोघांचीही नोंद झाली का, हे ग्रामपंचायतीत जाऊन पाहून यावे. हे काम पाच मिनिटांचे आहे आणि पुढे विधवेला किंवा सोडून दिलेल्या बाईला तेच उपयोगी पडते.

रमाबाईंच्या आयुष्यात छत आले तेव्हा ते भाड्याचे होते, पगार आला तेव्हा शेजार मिळाला नाही आणि घर आले तेव्हा आयुष्य सरत आले होते. घरासाठीची मदत वेळेवर, हक्काच्या जागेवर आणि बाईच्या नावावर पोहोचली, तरच ती मदत ठरते. राळेगावच्या एखाद्या वस्तीत स्लॅब पडलेल्या घराच्या भिंतीवर रमाईंचे नाव रंगवले जाते, तेव्हा आत राहणाऱ्या बाईचे नावही कागदावर आहे का, एवढे पाहिले तरी त्या नावाचा मान राहील.