एका संगणकात दोन बिऱ्हाडे

लॅपटॉप सुरू केला की पडद्यावर छोटीशी यादी येते. विंडोज हवे की लिनक्स? बाणाच्या कळीने निवड करायची, एंटर दाबायचे आणि तेच यंत्र वेगळ्या रूपात उभे राहते. एका घरात दोन बिऱ्हाडे नांदावीत, तशा दोन ऑपरेटिंग सिस्टीम एकाच डिस्कवर राहतात. आज ही सोय घरबसल्या करता येते. पण ऑपरेटिंग सिस्टीम एका यंत्राला जखडलेली असायला नको, हे त्याआधी कुणीतरी करून दाखवणे गरजेचे होते. छोट्या संगणकांच्या बाबतीत हे काम गॅरी किल्डॉल यांनी केले.

किल्डॉल यांचा जन्म १९ मे १९४२ रोजी अमेरिकेतील सिअॅटल शहरात झाला. त्यांच्या घरची खलाशांना नौकानयन शिकवणारी शाळा होती आणि तरुणपणी गॅरी स्वतःही तिथे शिकवत. गणिताचा शिक्षक व्हायचे म्हणून ते वॉशिंग्टन विद्यापीठात गेले आणि संगणकात रमले. पुढे नौदलातील सेवेचा भाग म्हणून ते कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथील नौदलाच्या पदव्युत्तर संस्थेत शिकवू लागले. १९७२ मध्ये त्यांनी संगणकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली.

त्याच सुमारास इंटेलने बोटाच्या पेराएवढ्या चिपवर प्रोसेसर आणला होता. इतरांना तो कॅल्क्युलेटर किंवा सिग्नलच्या दिव्यांपुरता वाटत होता. किल्डॉल यांना मात्र त्यात टेबलावर मावणारा संगणक दिसला. ते इंटेलचे सल्लागार झाले आणि या चिपसाठी पीएल/एम ही भाषा त्यांनी तयार केली. मग त्यांनी एक फ्लॉपी ड्राइव्ह मिळवला. तो चिपशी जोडणारे सर्किट जॉन टोरोडी या मित्राने बांधले. फ्लॉपीवर फाइली ठेवणारी, शोधणारी आणि प्रोग्रॅम चालवणारी जी प्रणाली किल्डॉल यांनी १९७४ मध्ये लिहिली, तिचे नाव सीपी/एम. इंटेलने ती घेण्यात रस दाखवला नाही. तेव्हा किल्डॉल आणि पत्नी डोरोथी यांनी पॅसिफिक ग्रोव्ह या छोट्या गावात स्वतःची कंपनी काढली. तीच पुढे डिजिटल रिसर्च म्हणून ओळखली गेली.

खरी अडचण पुढेच होती. प्रत्येक कंपनीचा संगणक वेगळा, ड्राइव्ह वेगळा, कीबोर्ड वेगळा. दर वेळी सगळी प्रणाली नव्याने जुळवत बसणे परवडणारे नव्हते. किल्डॉल यांनी तिचे तुकडे केले. यंत्राशी थेट बोलणारा छोटा भाग बाजूला काढला आणि त्याला नाव दिले बायोस. उरलेला मोठा भाग कुठल्याही यंत्रावर जसाच्या तसा राहणार होता. नवा संगणक बनवणाऱ्याने फक्त आपल्यापुरते बायोस लिहायचे. परिणाम असा झाला की, एका कंपनीच्या संगणकासाठी लिहिलेला हिशेबाचा प्रोग्रॅम दुसऱ्या कंपनीच्या संगणकावरही चालू लागला.

१९८० मध्ये मायक्रोसॉफ्टने ॲपल-टू या संगणकासाठी झेड-८० प्रोसेसर असलेले एक कार्ड विकायला काढले. ते बसवल्यावर ॲपलची फ्लॉपी घातली की ॲपलची प्रणाली सुरू होई आणि सीपी/एमची घातली की सीपी/एम. आजच्या यादीचे काम तेव्हा फ्लॉपी बदलून होत असे.

त्याच वर्षी आयबीएमची माणसे आपल्या नव्या पीसीसाठी प्रणाली शोधत पॅसिफिक ग्रोव्हला आली. किल्डॉल त्या सकाळी स्वतःच्या विमानाने एका ग्राहकाकडे कामासाठी गेले होते. करारमदार नेहमी डोरोथी पाहत. आयबीएमने आधी सही मागितलेला गुप्ततेचा करार त्यांना एकतर्फी वाटला आणि बोलणी अडली. पुढेही व्यवहार जमला नाही. आयबीएम मायक्रोसॉफ्टकडे वळली. मायक्रोसॉफ्टने सिअॅटलच्या एका कंपनीकडून सीपी/एमच्या धर्तीवर लिहिलेली प्रणाली घेऊन ती पीसी-डॉस म्हणून पुरवली. किल्डॉल मौजेखातर विमान उडवत बसले आणि नशीब हुकले, ही दंतकथा मात्र त्यांना जन्मभर चिकटली.

पीसी-डॉस पाहून किल्डॉल यांनी हरकत घेतली. त्यावर आयबीएमने सीपी/एमची नवी आवृत्तीही विकण्याचे मान्य केले. ऑगस्ट १९८१ मध्ये पीसी आला तेव्हा त्यासाठी तीन प्रणालींची घोषणा झाली. पण पीसी-डॉसची किंमत होती ४० डॉलर आणि सीपी/एमची २४० डॉलर, शिवाय ती बाजारात उशिरा आली. कागदावर निवड होती, दुकानात ती उरली नाही.

यंत्राच्या बाजूने मात्र दार उघडे राहिले. सुरू होताना पीसी डिस्कचा पहिला कप्पा वाचत असे आणि तिथल्या छोट्या प्रोग्रॅमच्या हाती ताबा देत असे. तो प्रोग्रॅम कुणाचा, हे विचारत नसे. १९८३ मध्ये हार्ड डिस्कचे चार विभाग करण्याची सोय आली. हेतू हाच की, वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टीमना एकाच डिस्कवर आपापली जागा मिळावी. लिनक्स आणि विंडोज शेजारी-शेजारी बसवणाऱ्यांनी पुढची कित्येक वर्षे हीच विभागणी वापरली.

किल्डॉल थांबले नाहीत. दूरचित्रवाणीवर संगणकविषयक कार्यक्रमाचे ते सहसूत्रधार झाले आणि सीडीवर विश्वकोश आणण्याच्या पहिल्या प्रयत्नांत त्यांचा वाटा होता. पण हुकलेल्या कराराची गोष्ट सांगितल्याशिवाय लोक त्यांचे नाव घेत नसत आणि त्याची खंत त्यांना होती. १९९१ मध्ये त्यांची कंपनी नॉव्हेलने विकत घेतली. जुलै १९९४ मध्ये मॉन्टेरे येथे डोक्याला झालेल्या दुखापतीनंतर तीन दिवसांनी, ११ जुलैला, वयाच्या ५२व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

सीपी/एमचा जन्म झाला त्या गावात २०१४ मध्ये स्मृतिफलक लागला. घराघरांतल्या विंडोजमध्येही त्यांची एक खूण आहे. ड्राइव्हला ए, बी, सी अशी अक्षरे देण्याची पद्धत सीपी/एममधून डॉसमध्ये आली आणि डॉसमधून विंडोजमध्ये. सी ड्राइव्ह उघडणाऱ्या बहुतेकांनी किल्डॉल यांचे नाव ऐकलेले नसते.