समजून घ्या : डोंबिवलीत सुचलेली डेम्लो संख्या आणि देवळालीचे कापरेकर मास्तर

१११११११११, म्हणजे नऊ वेळा एक. या संख्येचा वर्ग येतो १२३४५६७८९८७६५४३२१. नऊपर्यंत पायरी पायरीने चढायचे आणि तसेच उतरायचे! एक्सेलमध्ये पडताळायला जाल तर फसाल. तिथे १५ अंकच जपले जातात, शेवटच्या २१ च्या जागी दोन शून्ये दिसतात. त्यापेक्षा कागदावर गुणाकार करा. सरकत सरकत लिहिलेल्या नऊ ओळींच्या मधल्या रकान्यात बरोबर नऊ एक जमतात, त्यामुळे हातचा कुठेच येत नाही. दहा एक घेतले की हातचा येतो आणि शिडी मोडते : १२३४५६७९००९८७६५४३२१.

नाव कुठून आले?

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांना या प्रकारच्या संख्यांची कल्पना जीआयपी रेल्वेच्या डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली स्थानकावर सुचली. म्हणून या ‘डेम्लो संख्या’.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. आठव्या वर्षी आई गेली. वडील कारकून, पण ज्योतिषाचे नादी. आकडेमोडीची गोडी मुलाला तिथूनच लागली. ठाण्यात शाळा, पुण्यात फर्ग्युसन, १९२७ मध्ये रँग्लर परांजपे पारितोषिक, १९२९ मध्ये बीएस्सी. पुढची पदवी नाही. १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर.

वरच्या १७ अंकी संख्येतील अंकांची बेरीज ८१ होते आणि ८१ ने तिला निःशेष भागही जातो. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, तोही १२३४५६७९ चा वर्ग! अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हटले.

त्यांची ६१७४ ही संख्या जास्त गाजली. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिच्या अंकांपासून होणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येतून सर्वांत लहान वजा करा, उत्तरावर तेच पुन्हा करा. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत ६१७४ येते. कापरेकरांचेच जन्मवर्ष घ्या : १९०५ वरून ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४. पुऱ्या सात!

मग उपेक्षा का?

गणितातल्या मोठ्यांना हा पोरखेळ वाटे. आक्षेप अगदीच खोटा नव्हता. या गमती आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून आहेत, संगणकाच्या ०-१ मध्ये त्या अशाच्या अशा टिकत नाहीत. पण मास्तर पदरमोड करून परिषदांना जात राहिले, पुस्तिका छापत राहिले. ६१७४ त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या परिषदेत मांडली.

१९६६ मध्ये पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन पुरेना, म्हणून शिकवण्या वाढवाव्या लागल्या. मार्च १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या सदरात मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले आणि नाव जगभर पोहोचले. तेव्हा कापरेकर सत्तरीत होते. १९८६ मध्ये ते गेले.