गॉथ लोकांचा शास्त्रभाषांतरकार उल्फिला

इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात गॉथ नावाचे लोक डॅन्यूब नदीच्या पलीकडून व काळ्या समुद्राच्या उत्तर किनाऱ्याकडून रोमी साम्राज्यावर वारंवार धाडी घालीत असत. अशाच एका धाडीत त्यांनी आशियामायनरमधील कप्पदुकिया प्रांतातून पुष्कळ ख्रिस्ती माणसे धरून नेली. त्यांत सादागोल्थिना या खेड्यातील एक कुटुंब होते. बंदिवान आपला धर्म विसरले नाहीत. उलट ज्यांनी त्यांस धरून नेले त्यांच्यातच त्यांनी तो हळूहळू पसरविला. त्या कुटुंबाच्या वंशात इ. स. 311 च्या सुमारास उल्फिलाचा जन्म झाला.

आजोळ परदेशी असले तरी मुलाचे नाव मात्र गॉथांच्या भाषेतलेच ठेविले होते. त्या भाषेत लांडग्यास वुल्फ्स म्हणत, आणि शब्दास इला हा प्रत्यय लाविला म्हणजे लहानपणाचा व लाडिकपणाचा अर्थ येई. तेव्हा उल्फिला, खरा उच्चार वुल्फिला, म्हणजे लांडग्याचे पिल्लू. पुढे ज्याच्या नुसत्या नावाने युरोप कापू लागला त्या हूण राजाचे अत्तिला हे नावही याच घडणीचे आहे असे बहुतेक पंडित मानितात. अत्ता म्हणजे बाप, अत्तिला म्हणजे लहानगा बाप. संस्कृतातील वृक व गॉथिकातील वुल्फ्स हे शब्द तर सख्खे भाऊ होत. ते कसे, हे पुढे येईलच.

उल्फिला ग्रीक, लातिन व गॉथिक या तिन्ही भाषा बोलत व लिहीत असे. प्रथम तो मंडळीत शास्त्रवाचक होता. गॉथ सरदारांच्या वकिलातीबरोबर तो रोमी बादशहाच्या दरबारी गेला, आणि इ. स. 341 च्या सुमारास निकोमेदियाचा म्हणून ओळखला जाणारा युसेबियस याने त्याच्या मस्तकी हात ठेवून त्यास गॉथ देशातील ख्रिस्ती लोकांचा बिशप नेमिले. त्याने सात वर्षे तेथे काम केले. मग एका गॉथ अधिपतीने छळ आरंभिला. कित्येक स्त्रीपुरुष ठार झाले. तेव्हा कॉन्स्टांशियस बादशहाची परवानगी घेऊन उल्फिलाने आपल्या मोठ्या कळपासह डॅन्यूब ओलांडली व आजच्या बल्गेरियात, निकोपोलिस शहराच्या आसपासच्या डोंगराळ मुलुखात वस्ती केली. बादशहाने त्यास आपल्या काळचा मोशे म्हटल्याची आठवण एका जुन्या इतिहासकाराने नोंदविली आहे. या लोकांचे वंशज दोनशे वर्षांनंतरही तेथेच गुरे राखून, दूधदुभत्यावर निर्वाह करून राहत होते, गरीब होते व लढाईच्या वाटेस जात नव्हते, असे योर्दानेस लिहितो. ज्या जातीचे नाव लूटमारीसाठी गाजले तिच्यातलीच ही माणसे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

येथे त्याने आपल्या आयुष्याचे मुख्य काम केले. गॉथांजवळ रून नावाच्या खुणा होत्या. त्या लाकडावर, दगडावर किंवा दागिन्यावर कोराव्या इतपतच उपयोगाच्या. ग्रंथ लिहावा अशी लिपी नव्हती. उल्फिलाने ग्रीक अक्षरे पायास घेतली, काही लातिनांतून व काही रून खुणांतून उचलली, आणि सत्तावीस चिन्हांची माला सिद्ध केली. त्यांतील दोन केवळ आकड्यांसाठी होती. मग त्याने पवित्र शास्त्राचे भाषांतर हाती घेतले. सर्व काम त्याच्याच हातचे होते की शिष्यांचे साह्य होते, याविषयी मतभेद आहे. वेगवेगळ्या भागांतील शब्दयोजना पाहता साह्य असावे असेच वाटते. राजांचा इतिहास सांगणारी पुस्तके त्याने मुद्दाम गाळली, असे फिलोस्तोर्गियस सांगतो. कारण गॉथांस लढाईची गोडी मुळातच फार होती व तिला लगाम हवा होता.

भाषांतरकाराची खरी कसोटी शब्द निवडण्यात असते. ज्या बोलीत पूर्वी कधी शास्त्र वाचले गेले नव्हते तीत बाप्तिस्मा कशास म्हणावे? आपल्या मराठी भाषांतरात ग्रीक शब्दच ठेविला गेला. उल्फिलाने मात्र दौप्यान, म्हणजे पाण्यात बुडविणे, हा रोजचा शब्द घेतला. क्रूसासाठी त्याने गल्गा म्हणजे फाशीचा खांब हा शब्द योजिला. आमच्या भाषांतरकारांनी वधस्तंभ हा शब्द योजिला तेव्हा तेही नकळत त्याच वाटेने गेले. बापासाठी त्याने बहुधा घरात मुले हाक मारीत ते अत्ता घेतले. फादर हा दुसरा शब्द उरलेल्या सर्व पानांत एकदाच, गलतीकरांस पत्रात, आढळतो. बिशप, देवदूत, मंडळी यांसाठी मात्र ग्रीक शब्द गॉथिक वळणावर घेतले.

बोलणारा एकही मनुष्य उरला नसता या भाषेचा उच्चार आज कसा कळतो, असे कोणी विचारील. मराठीत चार व चमचा या शब्दांत च एकच लिहितो, परंतु उच्चार दोन करितो. मराठी उद्या कोणी बोलेनासे झाले तर हा भेद नुसत्या अक्षरावरून कोणास समजणार? गॉथिकाच्या बाबतीत ही अडचण शास्त्रातील विशेषनामांनी पुष्कळशी दूर केली. ग्रीक पेत्रोस हे नाव उल्फिला आ व इ या दोन अक्षरांचा जोड करून लिहितो. यावरून तो जोड ऱ्हस्व ए असा वाचीत हे उघड होते. देवदूतवाचक शब्दात ग अक्षर दोनदा लिहिले आहे, पण ते ग्रीक रीतीप्रमाणे अंगिलुस असे वाचावयाचे. आपण ज्या नावांच्या याद्या वाचताना कंटाळतो, त्याच याद्या भाषाशास्त्र्यांस किल्ल्यांचा जुडगा ठरल्या.

उल्फिलाच्या मतांविषयी झाकून ठेवण्यासारखे काही नाही. तो एरियस पंथाच्या मताकडे झुकलेला होता व पुत्र पित्याहून कमी आहे असे शिकवी. इ. स. 381 साली कॉन्स्टांटिनोपल येथील सभेने त्या मताचा निषेध केला. त्यानंतर लवकरच, बहुधा 383 साली, बादशहाच्या बोलावण्यावरून तो त्या शहरी गेला असता सत्तरीच्या सुमारास तेथेच मरण पावला. त्याने चाळीस वर्षे बिशपपण केले होते. त्याचा शिष्य ऑक्झेन्टियस याने गुरूचे चरित्र लिहून ठेविले नसते तर यातील पुष्कळ गोष्टी आपणांस समजल्या नसत्या.

त्याच्या मागे गॉथांनी इटली व स्पेन येथे राज्ये स्थापिली आणि गमाविली, व त्यांची भाषाही इतर भाषांत विरून गेली. राहिली ती थोडी पाने. सहाव्या शतकाच्या आरंभी, बहुधा राव्हेन्ना शहरी, जांभळ्या चर्मपत्रावर रुपेरी व सोनेरी शाईने शुभवर्तमानांची एक प्रत लिहिली गेली. ती जर्मनीतील व्हेर्डेनच्या मठात सापडली, प्रागला गेली, 1648 साली स्वीडिश सैन्याने लुटीत नेली, आणि 1669 पासून उप्साला विद्यापीठात आहे. मूळच्या 336 पानांपैकी तेथे 187 उरली आहेत. त्या मानाने जुन्या करारातून नहेम्याच्या पुस्तकाचे काही तुकडे वगळता जवळजवळ काहीच राहिले नाही.

आता वृक आणि वुल्फ्स यांच्या नात्याकडे वळू. 1786 साली कलकत्त्यास सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक व लातिन एकाच उगमाच्या असाव्यात असे प्रतिपादिले, आणि गॉथिकही त्याच कुळातील असावी असे सुचविले. पुढे बॉप व ग्रिम या जर्मन पंडितांनी ते नाते नियमांनी सिद्ध केले. संस्कृत द तेथे त होतो, त थ होतो, प फ होतो. म्हणून दंत तो तुंथुस, त्रि ते थ्रीस, पाद तो फोतुस. बैलांच्या खांद्यावरचे जू संस्कृतात युग व गॉथिकात युक. विधवा ती विदुवो. आणि शिलाहारांच्या ताम्रपटांत ज्या शहरास श्रीस्थानक म्हटले आहे ते आपले ठाणे. त्यातील स्थान व जागा या अर्थाचा गॉथिक स्तथ्स हे दोन्ही शब्द उभे राहणे या अर्थाच्या एकाच धातूपासून निघाले आहेत.

कल्याण बंदरातून नाणेघाट चढून गेले म्हणजे जुन्नर लागते. तेथल्या लेण्यांत इरिल व चिट या दोन यवनांचे दानलेख आहेत. एकाने पाण्याच्या दोन पोढ्या दिल्या, दुसऱ्याने भोजनमंडप. दोघांच्या नावांपुढे गत हा शब्द आहे. हिंदुस्थानच्या भाषापाहणीतील मराठीचा खंड 1905 साली सिद्ध करणारे नॉर्वेचे पंडित स्टेन कोनो यांनी 1912 साली असा तर्क मांडिला की, गत म्हणजे गॉथ. हा तर्क सर्वांस पटलेला नाही. आम्हांसही तो मोहक वाटतो, परंतु दोन नावांच्या आधाराने एवढी मोठी इमारत उभी राहील असे वाटत नाही.

उप्सालाच्या प्रतीतून हरवलेल्या पानांपैकी एक मात्र परत दिसले. 1970 साली जर्मनीतील श्पायर शहराच्या कॅथीड्रलमध्ये एका जुन्या पेटीत, लाकडी दांड्याभोवती गुंडाळलेले ते सापडले. ते मार्काच्या शुभवर्तमानाचे शेवटचे पान होते.